वावरात, अंगणात, बाजारात: पोरांना दिसणारी नक्षी आणि शाळेतलं गणित

काळीमाती

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्ग पहिली ते पाचवी, शिक्षक दोघं. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात. तोवर गावातली पेरणी आटोपत आलेली असते. तिसरी-चौथीतली पोरं जूनभर आईबापासोबत वावरात असतात. कोणी दोरीचं टोक धरतं, कोणी आखलेल्या फुलीवर सरकी (कपाशीचं बी) टाकतं, कोणी तिफणीमागे (पेरणीच्या अवजारामागे) चालतं. मग शाळा उघडते आणि पुस्तकात आकृतिबंधाचं पान येतं: त्रिकोण, गोल, गोल, त्रिकोण, गोल, गोल, पुढे काय?

पोरं बरोबर सांगतात आणि विषय तिथेच संपतो. मला ते संपणं खटकतं. याहून कितीतरी अवघड नक्षी त्यांनी महिनाभर पायाखाली घातलेली असते, पण ती गणितात मोजली जाते हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून मी त्यांना शाळेमागच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेलं. सहा तास (पेरणीच्या ओळी) सोयाबीनचे, सातवा तुरीचा, परत सहा सोयाबीनचे. विचारलं, पन्नासावा तास कशाचा येईल? वावर तेवढं रुंद नाही, त्यामुळे मोजून सांगायची सोय नव्हती. तिसरीतला एक पोरगा, ज्याला सातचा पाढा सलग म्हणता येत नाही, बोटांवर धरत गेला: "सातवा तुरीचा, चौदावा तुरीचा, एकविसावा तुरीचा..." एकोणपन्नासपर्यंत पोचला आणि म्हणाला, "मंग पन्नासावा सोयाबीनचाच." सातचा पाढा त्याला त्या धुऱ्यावर सापडला.

पुढचं ओळखणं ही झाली सुरुवात. त्यानंतर "हे असंच का?" हा प्रश्न यायला हवा. कपाशी चौफुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या रेघा जिथे छेदतात तिथे, का लावतात? कारण उभा आणि आडवा, दोन्हीकडून डवरा (ओळींमधलं तण काढायचं अवजार) चालतो. तीन बाय तीन फुटांवर लावली तर एका झाडाच्या वाट्याला ९ चौरस फूट जागा येते. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणून एकरात ४,८४० झाडं. पाचवीच्या पोरांनी हा भागाकार केला आणि घरी जाऊन बापाला सांगितला. आणि शेवटचं, ज्याकडे आपलं सगळ्यात कमी लक्ष असतं: नियम कुठे मोडतो? मोडला तर कशाने मोडला? माझ्या मते खरं शिकणं इथे सुरू होतं, कारण इथे पाठांतर कामाला येत नाही.

तुमच्या भागातल्या, घरातल्या, धंद्यातल्या अशा नक्षी सांगा. नुसती "निसर्गात सगळीकडे गणित आहे" अशी वाक्यं नकोत. पोरांना काय विचारता येईल आणि उत्तर कसं तपासता येईल, ते हवं आहे.

तिफणवाला

ताई, पन्नासावा तास सोयाबीनचा निंगन का तुरीचा, हे पेरनाऱ्याले इचाराव लागते. सांगतो काहून.

बैलाची तिफण आता कमी झाली. आमच्याकडं सात फणाच्या (एका फणाले एक तास) ट्रॅक्टरच्या यंत्रानं पेरतात. समजा तूर काठाच्या फणात टाकली. जातानी सहा तास सोयाबीनचे, सातवा तुरीचा. आता थो फिरून वापस येते तवा तुरीचा फण कोनीकडं येते? पयल्या तुरीच्या बाजूलेच. म्हंजे तुरीचे दोन तास जवळजवळ, मंग बारा तास सोयाबीनचे, मंग पुन्हा दोन तुरीचे. असं पेरलं असन त पन्नासावा तास तुरीचा निंगते. चौदाची घडी हाय, तिच्यात सातवा अन् आठवा तुरीचा. तीन घड्या म्हंजे बेचाळीस, वरते आठ, झाले पन्नास.

तूर मधातल्या, म्हंजे चौथ्या फणात टाकली त जानं-येनं सारखंच. तीन इकडं, तीन तिकडं, दोन तुरीत बरोबर सहा तास. ज्याले सहाले एक पायजे थो मधात टाकते, ज्याले जोडतास पायजे थो काठाले टाकते.

पन एक गोठ हाय. मधातल्या फणात टाकली त धुऱ्यापासून पयली तूर चौथ्या तासाले आली पायजे. तुमी म्हनता सातव्या तासाले हाय, अन् एकटीच हाय. त्या मालकाले इचारा थे वावर कसं पेरलं.

काळीमाती

दादा, विचारलं. यंत्र मधल्याच फणात तूर घालून चाललं होतं. पण धुऱ्याला लागून यंत्र नेता येईना, म्हणून काठाचे तीन तास सोयाबीन मागून बैलाने टाकलं. तीन आणि चार, सात! मालकाने सांगण्याआधी तुमचा प्रश्न मी पोरांपुढे ठेवला होता. फळ्यावर खडूने ट्रॅक्टर नेत आणि आणत त्यांनी चौथीच्या एका मुलीच्या नेतृत्वाखाली हेच उत्तर काढलं. "कोणीतरी तीन तास वाढवले असतील." मालकाने दुजोरा दिला तेव्हा वर्गात जो गलका झाला तो मला फार आवडला.

तुम्ही जे सांगितलंत ते कोणत्याही प्रशिक्षणात मला मिळालं नसतं. मनापासून आभार.

शून्यलब्धी

वा, काय सुंदर प्रश्न आहे हा! मूळचा अकोल्याचा, सध्या पुण्यात, गणित शिकवतो. यातच थोडं पुढे जाता येईल. यंत्र नऊ फणांचं असेल आणि तूर दोन फणांत टाकायची असेल, तर कोणत्या दोन फणांत टाकावी म्हणजे सगळीकडे दोन तुरींमध्ये सारखेच तास येतील? तिसऱ्या आणि सातव्या फणात टाकली तर मध्ये तीन तास येतात, पण दोन फेऱ्यांच्या सांध्यावर चार. दुसऱ्या-आठव्यात टाकली तर मध्ये पाच आणि सांध्यावर दोन. पोरांना सगळ्या जोड्या करून पाहू द्या. नऊ फणांत ते जमतच नाही. दहा फणांत जमतं: तिसरा आणि आठवा, सगळीकडे चार-चार. सहा फणांतही जमतं.

"जमत नाही" हेही गणितातलं उत्तर असतं, हे मुलांना फार उशिरा कळतं. ते चौथीत कळलं तर किती बरं होईल.

अंगण_रांगोळी

ठिपक्यांची रांगोळी कोणीच कशी काढली नाही अजून? आम्ही वर्धा जिल्ह्यातले. आमच्या आईच्या वहीत प्रत्येक रांगोळीवर लिहिलेलं असायचं, "५ ते ३", "७ ते ४", "१५ ते ८". मधली ओळ पाच ठिपक्यांची, मग वर-खाली एकेक ठिपका कमी करत तीनपर्यंत जायचं. ठिपके एकाखाली एक नसतात, दोन ठिपक्यांच्या मधोमध पुढचा येतो, म्हणून बाहेरून षटकोन तयार होतो.

माझ्या मुलीला मी एकदा विचारलं की रांगोळी टाकायच्या आधीच किती ठिपके लागतील ते सांगता येईल का. तिने लहानापासून सुरुवात केली. एकच ठिपका, १. "३ ते २", ७. "५ ते ३", १९. "७ ते ४", ३७. "९ ते ५", ६१. मग तिने वजाबाक्या केल्या: ६, १२, १८, २४. सहाचा पाढा! कारण षटकोनाला सहा बाजू आहेत आणि बाहेरून नवा वेढा घालताना प्रत्येक बाजूला एकेक ठिपका वाढतो. "१५ ते ८" ला १६९ लागतात, हे तिने ठिपके न मांडता सांगितलं आणि नंतर मांडून मोजले.

याहून मोठी गंमत तिच्या वर्गातल्या मैत्रिणीने काढली. ती नुसती बेरीज करत गेली. १. १ आणि ७, ८. त्यात १९, झाले २७. त्यात ३७, झाले ६४. त्यात ६१, झाले १२५. हे सगळे घन आहेत. असं का होतं, ते मला सांगता आलं नाही. शून्यलब्धी, तुम्ही सांगाल का?

शून्यलब्धी

सांगतो, आणि हे ठोकळ्यांनी दाखवता येतं. सारख्या मापाचे लाकडी ठोकळे घ्या, सुताराकडे तुकडे मिळतात. तीन लांब, तीन रुंद, तीन उंच असा घन रचा, २७ ठोकळे. आता त्याच्या एका कोपऱ्याकडून बघा. तीन बाजू दिसतात. दिसणारे ठोकळे काढून टाकले तर मागे दोन-दोन-दोनचा घन उरतो, ८ ठोकळ्यांचा. म्हणजे काढलेले १९. कोपऱ्यासमोर डोळा ठेवून बघितलं तर हे १९ ठोकळे षटकोनात बसलेले दिसतात, अगदी "५ ते ३" च्या ठिपक्यांसारखे. प्रत्येक रांगोळी म्हणजे घनाचं एक साल. सगळी साली एकावर एक चढवली की पूर्ण घन.

एनसीईआरटीचं सहावीचं नवं गणिताचं पुस्तक २०२४ मध्ये आलं, त्याचा पहिलाच धडा आकृतिबंधांवर आहे आणि १, ७, १९, ३७ ही मालिका त्यात आहे. तुमच्या आईच्या वहीत ती आधीपासून होती. मुलींना हे जरूर सांगा.

सरळमुद्दा

चर्चा छान चालली आहे, पण एक मांडतो, राग मानू नये. मी अमरावती जिल्ह्यात पालक म्हणून शाळेच्या समितीवर आहे. पाचवीच्या मुलांना भागाकार येत नाही, काहींना सलग वाचता येत नाही. शिक्षक दोन, वर्ग पाच, वरून ऑनलाइन माहिती भरण्याचं काम. आईबाप सकाळी मजुरीला जातात ते संध्याकाळी येतात, घरी विचारणारं कोणी नसतं. ज्या मुलांच्या घरी विचारणारं कोणी आहे त्यांचं यात भलं होईल. पण बाकीच्यांसाठी वेळ मोजका असताना आधी वाचन आणि बेरीज-वजाबाकी पक्की करावी की धुऱ्यावर न्यावं? हा प्रश्न मला खरंच पडतो.

काळीमाती

राग कशाचा, हा प्रश्न मलाही रोज पडतो. वाचन आधी, यात दुमत नाही. केंद्र सरकारचा निपुण भारत कार्यक्रम २०२१ मध्ये सुरू झाला, तोही हेच म्हणतो की तिसरीपर्यंत वाचन आणि अंकगणिताचा पाया पक्का व्हावा. माझं म्हणणं एवढंच आहे की नक्षी ओळखणं हा त्या पायाचाच भाग आहे, त्यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही.

वाचनाचंच बघा. बाराखडी पाठ करणारं पोरगं क, का, कि, की स्वतंत्र चित्रांसारखं लक्षात ठेवतं, मग ग ची बाराखडी आली की पुन्हा पहिल्यापासून. ज्याला दिसलं की काना कुठेही लागला तरी एकच काम करतो, त्याला एक बाराखडी नीट आली की बाकीच्या येतात. मी आता फळ्यावर का, गा, मा, ता लिहिते आणि विचारते, यांच्यात सारखं काय, आणि म्हणताना सारखं काय ऐकू येतं? न वाचणारी दोन-तीन पोरं यातून पुढे सरकली. सगळी नाही, पण सरकली.

दुसरं, पाच वर्ग एकत्र असण्याबद्दल. तासांचा तो एकच प्रश्न मी सगळ्यांना दिला होता. पहिलीतल्यांनी चिंचोके आणि खडे मांडून "सहा-एक, सहा-एक" केलं. तिसरीने सातचा पाढा काढला. पाचवीने पन्नासला सातने भागलं आणि बाकी एक म्हणजे घडीतला पहिला तास, हे शोधलं. तिसरीचा पोरगा धुऱ्यावर करत होता तो भागाकारच होता, फक्त त्याला नाव नव्हतं.

आणि घरी विचारणारं कोणी नाही, हे तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या आईला अक्षर येत नाही तिला चौफुली येते, रांगोळी येते, वाकळ शिवता येते. "घरी विचारून या, कपाशीच्या दोन ओळींत अंतर किती आणि का" हा अभ्यास दिला की ती आई गुरू होते. एरवी गृहपाठाची वही पुढे आली की तिला मान खाली घालावी लागते. मजुरीला जाणाऱ्या बाईलाच तर हे जास्त माहीत असतं.

सिपनाकाठ

मेळघाटात धारणीकडे शिकवतो. आमची बरीच मुलं घरी कोरकू बोलतात. पहिलीत आल्यावर त्यांना पुस्तकातली मराठी परकी असते. नक्षी दाखवायला भाषा कमी लागते, म्हणून मी सुरुवातीचे आठवडे मांडणीवरच काढतो: बिया, पानं, काड्या. मूल बोलत नसलं तरी पुढची काडी कुठे ठेवायची हे ते दाखवतं, आणि त्याला काय कळतं ते मला समजतं.

इथे एक प्रश्न देतो जो पाचवी-सहावीला मी दरवर्षी घालतो. बांबूची गोल टोपली विणताना उभ्या कामट्या ताऱ्यासारख्या मांडतात आणि एकच लांब पट्टी एकीवरून, दुसरीखालून अशी गोल फिरवत नेतात. उभ्या कामट्या सम असाव्यात की विषम?

मुलांना मी आठ कामट्या देतो, मुद्दाम. पहिला फेरा छान होतो. दुसऱ्या फेऱ्यात पट्टी पुन्हा त्याच कामट्यांवरून आणि त्याच कामट्यांखालून जाते. वीण घट्ट होतच नाही, ओढलं की निघून येते. मग कोणीतरी एक कामटी वाढवून बघतं. नऊ झाल्या की दुसऱ्या फेऱ्यात आपोआप उलटं होतं: जिच्यावरून गेलो तिच्याखालून, आणि तिसऱ्या फेऱ्यात पुन्हा पहिल्यासारखं. सम-विषम संख्या हा विषय त्या दिवशी त्यांच्या हाताला कळतो.

आणि याला अपवादही आहे. टोपल्या विणणाऱ्या एका आजींनी मुलांना सांगितलं की दोन पट्ट्या एकदम घेऊन एकमेकींना ओलांडत नेल्या तर सम कामट्याही चालतात. मुलांनी ते करून पाहिलं. काळीमाती ताई म्हणतात तसं, नियम कुठे मोडतो ते पाहताना नियम जास्त नीट कळतो.

जुनी_दिनदर्शिका

बुलढाणा जिल्हा, चिखलीकडचे आम्ही. आमच्या घरी जुन्या दिनदर्शिका टाकून देत नाहीत, त्यांवर दुधाचा आणि मजुरीचा हिशेब असतो. पाचवीतल्या पुतण्याला मी एक काम दिलं: दरवर्षीचा पोळा कोणत्या तारखेला आला ते लिहून काढ. २०२३ मध्ये १४ सप्टेंबर, २०२४ मध्ये २ सप्टेंबर, २०२५ मध्ये २२ ऑगस्ट. तो म्हणाला, काका, पोळा दरवर्षी अकरा-बारा दिवस अलीकडे सरकतो. मग मी विचारलं, असाच सरकत राहिला तर २०२६ ला कधी यायला हवा? ११ ऑगस्टच्या आसपास, असं त्याने काढलं. मग २०२६ ची दिनदर्शिका हातात दिली. पोळा सप्टेंबरात! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आता शोध सुरू झाला. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. फरक अकरा दिवसांचा. हे अकरा-अकरा साठत गेले की साधारण पावणेतीन वर्षांनी एक अख्खा महिना जमा होतो, तोच अधिक महिना म्हणून घातला जातो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून पोळा पुन्हा पुढे ढकलला जातो. त्याच दिनदर्शिकांत त्याने मृग नक्षत्रही पाहिलं. ते दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच. एकाच कागदावर दोन घड्याळं आहेत, मृग सूर्याच्या घड्याळावर आणि पोळा चंद्राच्याही. शेतकऱ्याने पेरणीसाठी नक्षत्र धरलं आणि सणासाठी तिथी, यामागचं शहाणपण त्याला तेव्हा दिसलं.

जुन्या गठ्ठ्यात अजून एक मिळालं. २००५ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि २०२४ मध्येही ७ सप्टेंबरलाच. २००६ मध्ये २७ ऑगस्ट, २०२५ मध्येही २७ ऑगस्ट. एकोणीस वर्षांत चंद्राचे २३५ महिने जवळजवळ तंतोतंत बसतात, म्हणून तारखा परत जुळतात. काही वेळा एखादा दिवस इकडे-तिकडे होतो. ज्यांच्या घरी जुने गठ्ठे आहेत त्यांनी पोरांच्या हाती द्यावेत, ही विनंती.

तिफणवाला

दादा, मंग एक इचारतो. आमच्याकडं म्हनतात, पोळा अन् पाऊस झाला भोळा. पोळा झाला का पावसाचा जोर जाते. पन तुमी म्हनता पोळा तीन-तीन हप्ते मांगंपुढं होते. पावसाले थोडीच मालूम हाय का औंदा अधिक महिना हाय.

जुनी_दिनदर्शिका

अगदी मार्मिक बोललात. मोसमी पाऊस सूर्याच्या घड्याळावर चालतो, विदर्भातून त्याचं परतणं साधारण ऑक्टोबरच्या पूर्वार्धात होतं. म्हणजे पोळा सप्टेंबरच्या मध्यात आला तर म्हण खरी ठरायची शक्यता जास्त, २२ ऑगस्टला आला तर कमी. पण हे आपण नुसतं बोलण्यापेक्षा पोरांनी मोजलेलं बरं. सरळ भिंतीचा एक डबा मोकळ्या जागी ठेवायचा, रोज ठरावीक वेळी आत पट्टी बुडवून किती मिलिमीटर पाणी साचलं ते वहीत लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. पोळ्याआधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस. काही वर्षं वही जपली तर म्हण कुठल्या वर्षी लागू पडते ते पोरंच सांगतील.

वैशाखवणवा

याच धाग्याला जोडून. माणसाला नक्षी दिसते तशी नसलेली नक्षीही दिसते, आणि मुलांच्या शिक्षणात याचीही तयारी हवी असं मला फार वाटतं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं, पिकांचं भाकीत सांगतात. लोक श्रद्धेने ऐकतात, मीही लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या वडिलांच्या पिढीने त्याभोवती जीव लावलेला आहे, त्याचा मला आदर आहे.

पण वर्गात मी मुलांना एक शिस्त लावतो. कोणतंही भाकीत असो, घटाचं, हवामान खात्याचं, की "कावळ्याने घरटं उंच बांधलं म्हणजे पाऊस कमी" हे आजोबांचं, ते आधी लिहायचं. तारीख घालून, शब्दाला शब्द. पावसाळा संपला की समोर खरं काय झालं ते लिहायचं. जुळलं तेही लिहायचं आणि न जुळलं तेही. जुळलेलं आपल्याला आपोआप आठवतं, न जुळलेलं विसरतं, म्हणून वही लागते. मुलं कुणाची टिंगल करत नाहीत, मी करू देत नाही. ती फक्त मोजतात. गेल्या खेपेला एका मुलीने विचारलं, "सर, 'पाऊस मध्यम' म्हणजे किती मिलिमीटर?" जे भाकीत चुकीचं ठरूच शकत नाही ते तपासता येत नाही, हा धडा तिने स्वतःच काढला.

कृष्णपाषाण

भूगर्भशास्त्र शिकलोय, मूळ वणीकडचा. उन्हाळ्यात काळ्या वावराला भेगा पडतात, त्यांत नक्षी असते. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. मुलांना वावरात बसवून एवढंच सांगा: दोन भेगा जिथे भेटतात तिथे कोन कसा आहे ते पाहा. पहिल्यांदाच सुकलेल्या चिखलात नवी भेग जुन्या भेगेला जवळपास काटकोनात येऊन टेकते. पण माती पुन्हा पुन्हा ओली होऊन सुकली की सांधे हळूहळू तीन फाट्यांचे होतात आणि तुकडे षटकोनाकडे झुकतात. शाळेत परातीत काळा चिखल पसरून, सुकवून, परत भिजवून हे करता येतं. फार दिवस लागतात, पण मुलं रोज बघायला येतात.

यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डी भागात २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात बेसाल्टचे कोनदार दगडी खांब उघडे पडले. ते पाहून पुरातन बांधकाम असेल असं कुणाच्याही मनात येईल. पण लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला अशाच भेगा पडून वरून खाली जातात, त्याचे ते खांब. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आणि या वर्षीचं सुकलेलं वावर, दोन्हीकडे आकसण्याचाच खेळ. जवळ असाल तर मुलांना नक्की न्या.

सेवाग्रामरस्ता

आपल्या मातीत हे पूर्वी घडलेलं आहे, म्हणून थोडंसं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, त्यातून डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा केला. टकळीवर सूत काढताना मोजणं, मापणं, हिशेब शिकायचा, कापसावरून शेती आणि भूगोल शिकायचा. हातातल्या कामातूनच विषय काढायचा ही कल्पना तेव्हा वर्ध्यातूनच देशभर गेली. सरळमुद्दा यांना वाटणारी काळजी तेव्हाही होतीच की पुस्तकी अभ्यास मागे पडेल. मला वाटतं, उत्तर शिक्षकाच्या तयारीत आहे. काम करून घेतलं आणि प्रश्न विचारला नाही तर ती नुसती मजुरी होते.

सरळमुद्दा

शेवटचं वाक्य पटलं. समितीच्या पुढच्या बैठकीत मी महिन्यातून एक शनिवार यासाठी मागणार आहे, गावातल्या एकेका कारागिराला आणि शेतकऱ्याला बोलवून. काळीमाती ताई, बाराखडीचं जे सांगितलंत तेही आमच्या बाईंना दाखवतो.

संत्राबाग

वरुडहून. मग शनिवारसाठी आमच्याकडून एक घ्या, खर्च काही नाही. संत्र्यात फोडी किती असतात? बहुतेकदा नऊ ते बारा, पण प्रत्येक फळात वेगळ्या. मुलांना आधी अंदाज करू द्या. मोठ्या फळात जास्त फोडी असतात का? सगळ्यांना असंच वाटतं. फळं लहान-मोठी लावून, सोलून, मोजून फळ्यावर खुणा करत जा. कोणता आकडा सगळ्यात जास्त वेळा येतो ते आपोआप उभं राहतं.

आता दुसरी गंमत. न सोलता फोडी सांगता येतात. देठाची टिकली नखाने अलगद काढा. खाली गोलाकार बारीक ठिपके दिसतात. झाडाकडून प्रत्येक फोडीला जाणाऱ्या शिरांच्या त्या खुणा आहेत. ठिपके मोजा, आकडा लिहा, मग सोला.

काळीमाती

हे कमाल आहे. नेहमी जुळतं का?

संत्राबाग

बहुतेकदा जुळतं. न जुळलेली फळं वेगळी ठेवायला सांगा. कधी एखादी फोड अगदी बारीक, दोन फोडींत दबलेली सापडते, ती मुलांनी मोजलेली नसते. कधी ठिपकाच पुसट असतो. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या सुमारास येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही वेळा करा आणि दोन्ही वेळचे आकडे वेगवेगळे लिहा. बाजारात न चालणारी लहान फळं आमच्याकडे भरपूर असतात. तालुक्यातल्या कुठल्याही शाळेने टोपली घेऊन यावं, मी भरून देईन.